चांगला हात

आशा मॅडम ओरडल्या ते बरोबरच होतं. पण जो माणूस बरोबर असतो त्याचाच मला जास्त राग येतो, त्याला काय करणार.

"प्रतिभाताई, तुम्ही हललात की पाणी हलतं. पाणी हललं की स्नेहा अंग आवळून घेते. जरा उभ्या राहा ना एका जागी!"

एका जागी उभं राहणं माझ्याच्यानं होत नाही. माहेरी सगळे म्हणायचे, हिच्या पायाला भिंगरी आहे. पार्लरमध्ये बाईच्या भुवया कोरतानासुद्धा मी या पायावरून त्या पायावर होत असते. दोरा तेवढा स्थिर. त्या दिवशी डोक्याला रबरी टोपी आणि अंगात नायलॉनचे कपडे घालून छातीपर्यंत कोमट पाण्यात उभी होते, आणि पाय खालच्या फरशीवर आपोआप चुळबुळत होते. समोर माझी सहा वर्षांची मुलगी आशा मॅडमच्या हातांवर उताणी तरंगत होती. मी जवळ गेले की तिचे खांदे कानापर्यंत चढायचे. मी लांब सरकले की सैल. आईला हे बघून काय वाटतं ते कुणी विचारू नये.

स्नेहाची उजवी बाजू जन्मापासून कमी चालते. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली, असं डॉक्टर सांगतात. पाय ओढत का होईना ती चालते, आणि बोलायला तर माझ्यावर गेली आहे. अडचण हाताची. उजवा हात कोपरात दुमडून छातीशी चिकटलेला, मूठ घट्ट, अंगठा मुठीच्या आत. ती मूठ मी रोज उघडते, धुते, पुसते, तेल लावते. सोडली की मिटली. बाकी सगळं ती डाव्या हातानं करते, आणि इतक्या चपळाईनं करते की उजव्याची पाळीच येत नाही. रस्त्यानं जाताना आम्हीही तिचा डावा हात धरतो. तो हात आपला हात धरतो ना, म्हणून.

हे उपचारांचं सेंटर एका ट्रस्टचं, नाशिकला पाथर्डी फाट्याच्या पुढे. आत काचा लावलेल्या हॉलमध्ये गरम पाण्याचा लहानसा तलाव. पाण्यात अंगाचं ओझं उतरतं, ऊबेनं आवळलेलं अंग ढिलं पडतं, आणि जमिनीवर जे हलत नाही ते कधीकधी पाण्यात हलतं, असं तिथे व्यायाम करून घेणाऱ्या आशा मॅडमनी पहिल्या दिवशी समजावलं होतं. हात हलायचा तेव्हा हलो, पण पहिल्याच आठवड्यात मी वेगळंच बघितलं. जमिनीवर माझी मुलगी पडण्याच्या भीतीनं भिंतीला धरून चालते. पाण्यात पडायला जागाच नव्हती. ती खदाखदा हसली आणि ते हसणं हॉलभर घुमलं. त्यानंतर मंगळवार आणि शनिवार सोडून आठवड्यात दुसरे वार आहेत हे ती मानायलाच तयार नव्हती.

आणि नेमकं तेच जाणार होतं. ट्रस्टचा नियम असा, की बॅच संपताना मुलात काहीतरी नवं दिसलं पाहिजे. दिसलं तर पुढची बॅच मिळते. नाही दिसलं तर जागा रांगेतल्या दुसऱ्या मुलाला. आमची बॅच गणपतीनंतरच्या शनिवारी संपत होती आणि स्नेहात नवं काही नव्हतं. पाण्यात टांगलेल्या खेळण्यांकडे, चेंडूंकडे, साबणाच्या फुग्यांकडे, सगळ्याकडे डावा हात जायचा. उजवा आपला छातीशी, जणू त्याला कुणी बोलावलंच नाही.

"हाताचं राहू द्या," आशा मॅडम म्हणाल्या. "आपण उलटणं घेऊ. पालथी पडली की पाण्यात फुंकर मारायची आणि स्वतः वळून उताणी व्हायचं. तेवढं तिनं एकटीनं केलं तर मी ट्रस्टला ठामपणे सांगू शकते. डाव्या हातानं वळायचं, डोकं फिरवायचं. जमेल तिला."

रांगेतलं ते दुसरं मूल मला माहीत होतं. तो बंटी. त्याची आई सरिता त्याला घेऊन सिन्नरहून एसटीनं यायची आणि काचेजवळच्या बाकावर बसायची. पाण्याची भीती मोडावी म्हणून मॅडमनीच तिला सांगितलं होतं की येऊन नुसतं बघत बसा. बंटीचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले. हात मात्र असे दणकट की आईची वेणी धरली की ती बिचारी मान वाकडी करून बसायची. सरिता माझ्याकडे बघून हसायची. मी हसायचे नाही. तिचं काही चुकत नव्हतं. पण ती डोळ्यांसमोर दिसली की माझा जीव टांगणीला लागायचा आणि पाय आणखी चुळबुळायचे.

अशात पोळ्याची अमावास्या आली, आणि सासूबाई आल्या.

सासूबाईंचं नाव लंकाबाई. निफाडकडच्या आमच्या गावी दिरांकडे राहतात. दारातले बैल विकून ट्रॅक्टर आणल्यापासून पोळ्याला घरी काय बघायचं, असं म्हणून त्या सणाला आमच्याकडे सिडकोत येतात. बाई कामाला वाघ आहे, पण जिभेवर जाळ. आणि मी ही अशी. किशोर, माझा नवरा, अंबडच्या कंपनीत मशिनवर असतो. तो म्हणतो, कंपनीतल्या आवाजाला कानात बोळे मिळतात, घरच्या आवाजाला मिळत नाहीत.

सकाळी मी पार्लरमध्ये गेले होते. परत आले तर दाराला कुलूप. फोन केला तर सासूबाईंचा फोन घरातच वाजला. मी खाली गेले, वर आले, परत खाली गेले. शेजारणीला विचारलं, रिक्षा स्टँडवर विचारलं. दुपारी उन्हातून आजी-नात आल्या. दोघींचे केस ओले, स्नेहाच्या कपाळाला भलामोठा अंगारा.

"कुठे गेला होतात?"

"कुठं म्हंजी? गंगेवर. अमावास्या हाय ना आज."

नाशिकमध्ये गोदावरीला गोदावरी फक्त शाळेच्या पुस्तकात म्हणतात. बोलताना गंगाच. त्या आठवड्यात धरणातून पाणी सोडलेलं, नदी गढूळ आणि ओढीची. आणि ही बाई माझ्या मुलीला गाडगे महाराज पुलाच्या अलीकडे पायऱ्यांवर नेऊन बुडी देऊन आली होती. मी स्वयंपाकघरात शिरले आणि पातेली आपटायला लागले.

"अगं, लय ग्वाड झाली आंघूळ," सासूबाई दारात उभ्या राहून सांगत होत्या. "म्या म्हनलं, नाक धर, डोळे मीट, गंगामाई म्हन. पोरीनं सोता नाक धरलं बघ. सोता! ऐकतीस का?"

"ऐकतेय. पूर आलेला दिसत नव्हता का तुम्हाला? ते घाण पाणी कानात गेलं असतं म्हणजे? ती वाहून गेली असती म्हणजे?"

"वाहून कशी जाईल? हात धरला व्हता म्या. म्या काय सांगतीय..."

मी परात ठेवली. ठेवली म्हणजे सोडली. फरशीवर तिचा जो काही आवाज झाला त्यात सासूबाईंचं पुढचं वाक्य बुडालं. स्नेहा माझ्या कुर्त्याला ओढून "मम्मी बघ, मम्मी बघ" करत होती आणि डाव्या हातानं नाक धरून गाल फुगवून दाखवत होती. "बघितलं," मी न बघता म्हटलं.

पुढच्या मंगळवारी पाण्यात त्याचा हिशेब चुकता झाला. आशा मॅडमनी स्नेहाला पालथं केलं, "फुंकर" म्हणाल्या, मी ठरल्याप्रमाणे तिचा डावा हात सोडला, आणि तो हात वळायच्या ऐवजी थेट नाकावर! चिमटीत नाक, डोळे घट्ट मिटलेले, अंग लाकडासारखं. वळायचा एकमेव हात नाकाला गुंतला, मग वळणार कशी? मॅडमनी उचललं तर बाईसाहेब पाणी निथळत म्हणतात, "गंगामाई!"

बाकावर सरिता हसली. वाईट हसली नव्हती, कुणीही हसलं असतं. मला तेवढंही चाललं नाही.

"हे कुणी शिकवलं?" मॅडमनी विचारलं. "नाक धरलं की श्वास अडकतो आणि अंग आवळतं. दोन महिने मी फुंकर शिकवतेय."

परत करून बघितलं, परत नाक. रागाच्या भरात मी स्नेहाच्या हातावर चापट मारली. पाण्यात चापट ती काय लागणार, पण ती माझ्याकडे जे बघत राहिली ते लागायचं तिथे लागलं.

घरी येऊन मी सासूबाईंसमोर तोंड सोडलं. दोन महिन्यांची मेहनत तुम्ही एका बुडीत घालवलीत, आता जागा गेली तर तुमच्यामुळे, गंगामाई येऊन शिकवणार आहे का हिला? किशोर आंघोळीतून अर्धा ओला बाहेर आला आणि परत आत गेला. सासूबाईंनी एकदाच तोंड उघडलं. "म्या तुला सांगत व्हते," एवढंच. मग पिशवीत लुगडी भरली आणि किशोरला म्हणाल्या, "मला स्टँडवर सोड." गणपतीला राहणार होत्या, त्या गणपतीच्या आधीच गेल्या. जाताना स्नेहाची ती मूठ उघडून तिच्यात एक पेढा ठेवला. मूठ मिटली. पेढ्याचा चिखल झाला आणि तो मीच धुतला.

सेंटरला सुट्टी होती, ते गणपतीचे दिवस मी कसे काढले ते मला आठवत नाही. मोदकांच्या उकडीला हात लावला तरी डोक्यात नाक. मी स्नेहाला बादलीत तोंड घालायला लावायचे, "फुंकर मार, नाक सोड, नाक सोड." ती बादली दिसली की पलंगाखाली जायची. किशोर म्हणाला, "अगं, ती पोर आहे, पंप नाही." मी त्याला म्हटलं, तुला उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय. तो रात्रपाळीला गेला तेव्हा डबा विसरला, किंवा विसरला नसेल.

मग तो शनिवार.

हॉलमध्ये आम्ही नेहमीचेच होतो. आशा मॅडम आणि आम्ही दोघी पाण्यात, सरिता आणि बंटी बाकावर. फक्त बंटीच्या अंगात आज नवी कोरी पोहण्याची चड्डी होती. आमचं झालं की त्याला पाण्यात उतरवून बघायचं होतं. सरितानं ती चड्डी टॉवेलनं झाकून ठेवली होती. माझ्यापासून झाकली होती हे मला कळलं. मी तिकडे पाठ केली.

"स्नेहा, आज काय करायचं?" मॅडमनी विचारलं.

"फुंकर," ती म्हणाली. माझ्याकडे बघून म्हणाली, पाठ केलेलं सांगावं तसं.

मॅडम तिच्या कमरेशी उभ्या राहिल्या, दोन हात तिच्या पोटाखाली. त्यांचं सगळं लक्ष कंबर कधी वळते याकडे असतं. मी तिच्या डाव्या खांद्याशी, तिचा डावा हात माझ्या हातात. "सोडा" म्हटलं की मी हात सोडायचा आणि मागे व्हायचं, असं ठरलेलं.

स्नेहानं तोंड पाण्यात घातलं. एक बुडबुडा आला.

"सोडा," मॅडम म्हणाल्या.

मी सोडला नाही.

सोडायचाच होता, पण माझी बोटं उघडेनात. मला दिसत होतं की सोडला की हा हात कुठे जाणार. नाकावर. मग संपलं. तो मंगळवार, तो शनिवार, ते हसणं, सगळं त्या बाकावरच्या नव्या चड्डीला जाणार. स्नेहाचा डावा हात माझ्या मुठीतून सुटायला धडपडत होता आणि मी तो आणखी आवळला. पाय मात्र, देवाशपथ, पहिल्यांदाच हलत नव्हते. पाणी काचेसारखं थांबलं होतं.

"प्रतिभाताई, सोडा! ती वळणार कशी?"

मुलगी पालथीच. कंबर वळली नाही. मॅडमनी मान हलवली आणि तिला उचलायला हात पुढे केले.

"हात!" बाकावरून आवाज आला. "ओ मॅडम, हात! तिचा हात बघा!"

सरिता उभी राहिली होती. टॉवेल खाली पडलेला.

मी डावीकडे होते, मध्ये स्नेहाचं टोपीतलं डोकं. मला काही दिसत नव्हतं. मॅडम वाकल्या, आणि त्यांचे हात जिथल्या तिथे राहिले. मी मान वाकडी करून बघितलं. पाण्याखाली स्नेहाचा उजवा हात छातीशी नव्हता. सहा वर्षं चिकटलेला तो हात कोपरातून सुटून पाण्यात वर आला होता, थरथरत, हळूहळू, वाट चुकल्यासारखा आधी गालाला लागला, मग नाकावर. मिटलेली मूठ नाकावर दाबलेली. चिमूट नव्हती, बोटं उघडली नव्हती. पण नाक धरलं होतं.

मॅडमनी तिला उचलून उताणी केली. ती ठसकली, डोळे उघडले. मूठ अजून नाकावरच. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"मम्मी, मारू नको," ती म्हणाली. "चुकून धरलं."

मला रडू आलं असं लिहिणं सोपं आहे. रडू नंतर आलं. त्या क्षणी मला स्वतःचा असा राग आला की त्या पाण्यातून उठून कुठेतरी पळत सुटावं. मी तिचं डोकं माझ्या खांद्यावर घेतलं आणि म्हटलं, "धर. खूप धर. तुला पाहिजे तेवढं धर." ती संशयानं माझ्याकडे बघत राहिली. तिचं तरी काय चुकलं? आई एक दिवस चापट मारते, दुसऱ्या दिवशी धर म्हणते.

"परत," आशा मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "डावा हात असाच धरून ठेवा. अजिबात सोडू नका."

परत केलं. परत तो हात आला, पहिल्यापेक्षा लवकर. त्याच्यापुढच्या वेळी अंगठा मुठीतून जरासा बाहेर डोकावला, गोगलगाय शिंग काढते तसा. मॅडम पाण्यातच हसायला लागल्या. "मी दोन महिने त्या हाताला खेळणी दाखवतेय," त्या म्हणाल्या. "त्याला खेळणं नकोच होतं. त्याला गरज पाहिजे होती. डावा मोकळा असला की उजव्याला उठायचं कारणच नाही." मग माझ्याकडे वळून, "पुढची बॅच तुमची. आणि घरी रोज तासभर तिचा डावा हात धरून बसायचं. गोष्ट सांगा, गाणं म्हणा, पण हात सोडायचा नाही. उजव्यानं काय करते ते करू द्या. जमेल?"

"जमेल," मी म्हटलं. सवयीनं म्हटलं.

पाण्यातून बाहेर आले तर सरिता बंटीला टॉवेलात गुंडाळून परत साधी विजार घालत होती. मॅडमनी तिला सांगितलं असावं, की जागा आता त्याच्याही पुढच्या बॅचला. मी तिच्यासमोर उभी राहिले. मी कधी तिच्याशी धड बोललेच नव्हते.

"तू गप्प बसली असतीस तर," मी म्हटलं, "मॅडमनी बघितलं नसतं. मीही नाही."

"हां," ती म्हणाली. बंटीनं तिची वेणी धरली होती, त्यामुळे तिची मान वाकडीच होती. "माह्या ध्यानात आलं ते. पन तवर बोलून गेले व्हते ना ताई. मग काय, शब्द माघारी घेऊ का?" आणि ती हसली, नेहमीसारखी. "लेकराचा हात उठला अन् मी काय तोंड दाबून बसू? आपलं काय, येऊ परत. एसटी हायेच."

मी तशीच ओल्या कपड्यांनी परत मॅडमकडे गेले आणि त्यांच्या मागेच लागले. दोन मुलांना एका वेळी पाण्यात घ्या म्हटलं. नियमात नाही म्हणाल्या. मी म्हटलं, माझ्या मुलीचा डावा हात कुणीतरी धरून ठेवायचाच आहे ना? मग त्या बंटीला धरू द्या. त्याचे पाय चालत नाहीत, पण त्याच्या हातात जे गेलं ते सुटत नाही, त्याच्या आईच्या वेणीला विचारा. मॅडम टॉवेलनं कान पुसत माझ्याकडे बघत राहिल्या. "ट्रस्टला विचारते," म्हणाल्या. "होच म्हणतील असं नाही." मी म्हटलं, मी सोमवारी येऊन बसते त्यांच्यासमोर. त्या म्हणाल्या, "नको, मीच विचारते." माझ्या भिंगरीचा कुणालातरी उपयोग होत असेल तर होऊ दे.

घरी आल्यावर मी किशोरला सांगितलं. तो नुकताच झोपेतून उठला होता. आधी त्याला कळेना, मग त्यानं स्नेहाचा डावा हात धरला आणि तिच्या तोंडासमोर बिस्कीट धरलं. उजवी मूठ छातीवरून वीतभर सरकली, थांबली, परत गेली. जमिनीवर एवढंच. तरी तो खुर्चीत मटकन बसला. "गंगेत घोडं न्हालं," म्हणाला, आणि ते त्याच्या तोंडून निघालं मात्र, माझ्या डोक्यात काहीतरी टोचलं.

गंगेत.

मी फोन उचलला. सासूबाईंनी बऱ्याच रिंगनंतर घेतला. "काय?" म्हणाल्या. नमस्कार नाही, कशी आहेस नाही.

"आई, अमावास्येला गंगेवर तुम्ही स्नेहाचा कोणता हात धरला होता?"

"आता ह्याच्यावरून भांडायचं हाय का?"

"नाही हो. सांगा ना."

"डावा. चांगला हात धरनार का लुळा? पान्याला वढ किती व्हती."

"घट्ट?"

"मग सोडून देऊ काय?"

मी स्वयंपाकघरात होते. ओट्याजवळून खिडकीशी गेले, खिडकीकडून परत. "आणि नाक?"

फोनमध्ये कुठंतरी कोंबडी ओरडली. "तिनंच धरलं," सासूबाई म्हणाल्या. "त्या दुसऱ्या हातानं. लुळ्या. मूठच लावली नाकाला, पन लावली. तेच सांगत व्हते ना तुला. सोता धरलं, सोता धरलं, दोनदा सांगितलं. तू परात आपटली."

मग मात्र मला रडू आलं. अमावास्येपासून ही गोष्ट आमच्या घरात पडून होती. दारात उभं राहून एक म्हातारी ती मला सांगत होती, आणि मला वाटत होतं की ती स्वतःच्या गंगेचं कौतुक सांगतेय. नाक कुणी धरलं ते मी ऐकलं. कुठल्या हातानं, हे एका शब्दानं विचारलं नाही. आणि त्याच नाकावरून मी पोरीला चापट मारली.

"रडतीस का?" सासूबाईंनी विचारलं. "पोरीला काय झालं?"

"काही नाही झालं. चांगलं झालंय." मी नाक ओढलं. "आई, परत या ना. तिचा डावा हात रोज तासभर धरून बसायला माणूस पाहिजे."

"अन् तू?"

"माझ्यानं एका जागी बसवत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"माहितीये," त्या म्हणाल्या. "पातेली आपटशील?"

खोटं कशाला बोलायचं? "आपटीन," मी म्हटलं. "पण तुमचं बोलून झाल्यावर."

"मंग सकाळच्या गाडीनं येते," लंकाबाई म्हणाल्या. "पोरीला सांग, नाक धुऊन ठिव."